दाढी करताय? आधी फेस नीट करा!

"डॉक्टर, ब्लेड बदलून पाहिले, क्रीम बदलून पाहिले, पण दाढी केली की मानेवर पुटकुळ्या उठतातच. रक्तात काही दोष तर नाही ना?" अशी तक्रार घेऊन येणारे रुग्ण माझ्या दवाखान्यात नेहमी असतात. त्यांत कॉलेजची मुले असतात, नोकरीमुळे रोज गुळगुळीत दाढी करावी लागणारे असतात, आणि लग्न आठ दिवसांवर आलेले नवरदेवही असतात. रक्ततपासणीची चिठ्ठी लिहिण्याआधी मी त्यांना एकच प्रश्न विचारतो, "दाढीला फेस किती वेळ लावून ठेवता?" उत्तर बहुधा ठरलेले. "ठेवायचा कशाला? लावला की लगेच सुरू!"

वाचकहो, पुष्कळांच्या दुखण्याचे मूळ या एका उत्तरात सापडते. चांगले ब्लेड, महागडे क्रीम, सुवासिक लोशन यांवर आपण पैसे खर्च करतो, पण ज्याला पैसे लागत नाहीत ती दोन-तीन मिनिटे देत नाही. फेस नीट कसा करायचा हे कोणी शिकवतही नाही. वडिलांना आरशासमोर पाहून मुलगा जमेल तसे शिकतो, आणि वडीलच घाईत असतील तर घाईच शिकतो. आता दाढी राखण्याची पद्धत पुन्हा आली असली, तरी गाल आणि मानेची कड कोरायला ब्लेड लागतेच. म्हणून आज या साध्या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहे.

फेसाचे काम काय?

फेस म्हणजे दाढी धुण्याचा साबण, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. धुणे हे त्याचे एक काम झाले. खरे काम आहे केसाला पाणी पाजण्याचे.

दाढीचा केस डोक्यावरच्या केसापेक्षा जाड आणि राठ असतो. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. आपली नखेही याच प्रथिनाची. कोरडी नखे कापताना कटकट आवाज होतो, तुकडे उडतात. आंघोळीनंतर तीच नखे सहज कापली जातात. केसाचेही तसेच. पाणी आत शिरले की केराटिनमधले काही बंध सैल होतात, केस फुगतो आणि मऊ पडतो. पुरता भिजलेला केस कोरड्या केसाहून जाडीला साधारण सातव्या हिश्शाने वाढतो. केस जाड झाला तरी तो कापायला लागणारा जोर मात्र खूपच कमी होतो. पण हे घडायला दोन-तीन मिनिटे लागतात. पाण्याचा हबका मारला आणि ब्लेड फिरवले, तर केस वरून ओला दिसतो, आत कोरडाच राहतो.

शिवाय त्वचेतून पाझरणारे तेल केसावर पसरलेले असते. त्यामुळे पाणी आत शिरायला वेळ लागतो. साबण हे तेल सोडवतो. आणि नुसते पाणी गालावरून ओघळून जाते, वाळते. फेस मात्र पाणी धरून ठेवतो, जणू केसाभोवती ओला फडका गुंडाळावा तसा. तिसरे काम घसरणीचे. त्वचा आणि पाते यांच्यामध्ये निसरडा थर असला की पाते सरकते, खरवडत नाही.

केस कोरडा असेल तर काय होते पाहा. पाते आधी केसाला ओढते, मग कापते. ओढताना केसाच्या मुळाजवळची त्वचा वर उचलली जाते आणि तिचा वरचा थर ब्लेडने सोलला जातो. हीच दाढीनंतरची आग. ताणून कापलेला केस सुटला की आत मागे सरकतो. त्याचे टोक तिरके आणि टोकदार झालेले असते. केस कुरळा असेल तर ते टोक बाहेर येताना वळून पुन्हा त्वचेत घुसते. शरीर त्याला पायात मोडलेल्या काट्यासारखे वागवते, म्हणजे तिथे लाल, दुखरी पुटकुळी येते. मानेवर केस आडवेतिडवे वाढतात, म्हणून तिथे हा त्रास जास्त. सोललेल्या जागेतून केसाच्या मुळाशी जंतू गेले की पू होतो, आणि वाढले तर केसतूड. रक्त "खराब" असण्याशी याचा काही संबंध नसतो.

फेस कसा करावा?

आंघोळीनंतर दाढी करणे सर्वांत चांगले. आपल्याकडे पुष्कळ घरांत आधी दाढी आणि मग आंघोळ अशी रीत आहे. ती पाळायची असेल तर हरकत नाही. मात्र दाढीचा भाग साध्या साबणाने धुऊन मिनिट-दोन मिनिटे कोमट पाण्याने भिजवत राहा. पाणी कोमटच हवे. कढत पाण्याने त्वचा लाल होते आणि आग वाढते.

तोंड भिजवतानाच ब्रश मगातल्या कोमट पाण्यात बुडवून ठेवा. ब्रशचे केस प्राण्याचे असतील, तर ते स्वतः पाणी पितात आणि मऊ होतात. त्यांना एक-दोन मिनिटे लागतात. नायलॉनचा ब्रश पाणी पीत नाही, तो नुसता ओला केला तरी चालतो. मग ब्रश दोनदा झटका. तो टपटप गळता कामा नये आणि कोरडाही नको.

क्रीम बदामाएवढे पुरे. ते ब्रशच्या टोकावर घ्या किंवा रुंद वाटीच्या तळाशी लावा. वडी असेल तर ओला ब्रश तिच्यावर अर्धा मिनिट फिरवा. नवशिक्याने गालावर फेस करण्यापेक्षा वाटीत करावा, म्हणजे काय होते ते दिसते. ब्रश गोल फिरवत राहा, दाबून चेपू नका. सुरुवातीला मोठे बुडबुडे येतील. इथेच बहुतेक जण "झाला फेस" म्हणून थांबतात. थांबू नका. बोटांच्या टोकांनी चार थेंब पाणी टाका, पुन्हा फिरवा; पुन्हा चार थेंब, पुन्हा फिरवा. मिनिटभरात बुडबुडे बारीक होत होत दिसेनासे होतात आणि फेसाला चकाकी येते.

झाला की नाही हे ओळखायचे कसे? ताकावर येतो तसा हलका, फुसफुसणारा फेस असेल, तर पाणी जास्त झाले. तो गालावर मिनिटभरही टिकणार नाही. थोडे क्रीम घाला. चक्क्यासारखा कोरडा, ब्रशला चिकटून राहणारा असेल, तर पाणी कमी आहे. ब्लेड त्यात अडकेल. घट्ट लागलेल्या, ओलसर, चकाकणाऱ्या दह्यासारखा असेल तर जमला. चिमूटभर फेस अंगठा आणि बोटात धरून चोळून पाहा. बोटे सटकन सरकली पाहिजेत. फेस किती फुगला याला महत्त्व नाही, तो किती ओला आणि निसरडा आहे याला आहे.

आता फेस लावा. आधी ब्रश गोल फिरवा, म्हणजे आडवे पडलेले केस उभे राहतात आणि फेस मुळापर्यंत जातो. शेवटी भिंतीला रंग द्यावा तसे दोन-चार हात सरळ मारून थर सारखा करा. हनुवटी आणि ओठाच्या वरचे केस सर्वांत राठ. त्यांना फेस आधी लावा आणि ब्लेड शेवटी, म्हणजे त्यांना भिजायला जास्त वेळ मिळतो. एवढे झाल्यावर एक-दोन मिनिटे स्वस्थ थांबा. मधेच फेस वाळू लागला तर ओला ब्रश पुन्हा फिरवा.

जुन्या पिढीतले नाभिक बंधू दाढी कशी करत, ते आठवा. बलुतेदारीच्या काळात खेड्यांत साबणही नसे. वाटीतल्या पाण्यात बोटे बुडवून ते गिऱ्हाइकाचे गाल बराच वेळ चोळत, गावच्या गप्पा सांगत, आणि मगच वस्तरा उघडत. त्या गप्पांच्या वेळात केस भिजत असे. आपण घरी दाढी करू लागलो आणि ती उसंतच गेली. घरच्या दाढीची सोय झाली ती बदलत्या पात्यामुळे. अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट यांनी १९०१ मध्ये कंपनी काढली आणि १९०३ मध्ये बदलत्या पात्याचे रेझर विकायला आणले. पहिल्या वर्षी अवघी ५१ रेझर खपली. पुढे मात्र पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना ती वाटली गेली आणि स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय पसरली. वस्तऱ्याचे कौशल्य यंत्राने सोपे केले, पण केस भिजवण्याचे काम यंत्र करत नाही.

दाबला की तयार फेस देणारे डबेही मिळतात. ते वापरायला हरकत नाही. पण फेस तयार मिळाला म्हणजे केस भिजला असे होत नाही. आधी दोन मिनिटे तोंड भिजवणे त्यांनाही चुकलेले नाही.

फेस होतच नसेल तर?

"डॉक्टर, कितीही घासले तरी फेस येत नाही, क्रीम नकली असेल," असेही ऐकतो. क्रीमला दोष देण्याआधी पाण्याकडे पाहा. आपल्याकडे बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. शाळेच्या पुस्तकात यालाच दुष्फेन पाणी म्हटले आहे. ज्या घरात डाळ लवकर शिजत नाही, कपड्यांना साबण जास्त लागतो आणि बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, तिथले पाणी जड समजावे. या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणाशी त्यांचा संयोग झाला की न विरघळणारा साका तयार होतो. म्हणजे तुमचे निम्मे क्रीम पाण्याशी झगडण्यातच संपते, आणि तो साका ब्लेडवर व त्वचेवर बसतो.

उपाय सोपा आहे. दाढीला लागते फार तर एक तांब्याभर पाणी. ते उकळून, गार होताना तळाशी साका बसू द्या आणि वरचे नितळ पाणी घ्या. उकळल्याने सगळाच जडपणा जातो असे नाही. काही क्षार तसेच राहतात. तसे असेल तर नदी-धरणाच्या नळाचे, पावसाचे किंवा घरात शुद्धीकरण यंत्र असल्यास त्याचे कपभर पाणी फेसापुरते वापरून पाहा. फरक लगेच दिसेल.

ब्लेड फिरवताना

फेस उत्तम आणि हात जड, तरीही उपयोग नाही. रेझर त्वचेशी साधारण तीस अंशांच्या कोनात धरा आणि त्याच्या स्वतःच्या वजनाने सरकू द्या. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने ब्लेड फिरवा. दिशा कळत नसेल तर दोन दिवसांच्या वाढलेल्या दाढीवरून बोट फिरवून पाहा. ज्या बाजूला खरखरत नाही ती केसाची दिशा. दर दोन-तीन हातांनी ब्लेड पाण्यात खळखळून घ्या. दुसरा हात मारायचा असेल तर पुन्हा फेस लावा. उघड्या, कोरड्या त्वचेवर "एवढेच राहिले" म्हणत उलटे ब्लेड घासणे, ही पुटकुळ्यांना दिलेली चिठ्ठीच समजा.

शेवटी गार पाण्याने तोंड चांगले धुवा. साबण अल्कधर्मी असतो आणि आपली त्वचा किंचित आम्लधर्मी, म्हणून फेस अंगावर वाळू देऊ नये. टॉवेलने टिपा, खसाखसा पुसू नका. बारीक काप झाला असेल तर तुरटीचा ओला खडा टेकवा, रक्त थांबते. स्पिरिटसारखे लोशन लावून चरचरले म्हणजे जंतू मेले, असे कोणी समजू नये. चरचरते कारण त्वचा सोललेली असते. कोरड्या त्वचेला थोडे खोबरेल पुरे; मात्र चेहऱ्यावर मुरुमे असतील त्यांनी तेल टाळावे.

ज्याचे सामान त्याला

ब्रश हीसुद्धा साधी वस्तू नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड आणि अमेरिकेत दाढीच्या ब्रशमुळे अँथ्रॅक्स या भयंकर रोगाचे रुग्ण आढळले होते. घोड्याच्या, नीट निर्जंतुक न केलेल्या केसांचे ते स्वस्त ब्रश होते. आजच्या ब्रशला ती भीती बाळगण्याचे कारण नाही, पण ओला ब्रश मोरीच्या कोपऱ्यात पडून राहिला तर त्यात जंतू आणि बुरशी वाढणारच. दाढी झाली की ब्रश खळखळून धुवा, झटका आणि हवेशीर जागी वाळू द्या.

ब्लेड, रेझर आणि तुरटीचा खडा प्रत्येकाचा वेगळा हवा. बापलेकांनी, भावाभावांनी, वसतिगृहातल्या मित्रांनीसुद्धा ते एकमेकांचे वापरू नयेत. न दिसणाऱ्या कापातून थोडे रक्त पात्याला लागते. हिपॅटायटिस-बी, म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या काविळीचा विषाणू, वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. हा आजार काहींच्या अंगात कायमचा राहतो आणि वर्षानुवर्षांनी यकृत निकामी करतो. सलूनमध्ये गेलात तर नवीन पाते तुमच्यासमोर घालायला सांगा आणि सर्वांना फिरणारी तुरटी नम्रपणे नाकारा. यात नाभिक बंधूंचा अपमान नाही. ब्लेडचा धोका सर्वांत जास्त त्यांच्याच बोटांना असतो. त्यांनी तर हिपॅटायटिस-बीची लस जरूर घ्यावी. मोठ्या माणसांना तिचे तीन डोस लागतात: पहिला, त्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. आणि वापरलेले पाते उघडे कचऱ्यात टाकू नका. जुन्या डब्यात साठवा आणि डबा बंद करून, वर खूण करून द्या. कचरा हाताने वेचणाऱ्या बायाबापड्यांची बोटे आठवा.

यांनी अधिक जपावे

मधुमेही रुग्णांनी दाढीतला काप किरकोळ समजू नये. साखर वाढलेली असेल तर केसतूड लवकर होते आणि लवकर बरे होत नाही. वारंवार केसतूड होत असेल तर मात्र रक्तातील साखर तपासलीच पाहिजे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी विजेवर चालणारे यंत्र वापरणे बरे.

घरात अंथरुणाला खिळलेले वडील किंवा आजोबा असतील तर त्यांची दाढी करण्याची वेळ मुलावर, नातवावर, कधी सुनेवर येते. इथे तर फेसाला फार महत्त्व. म्हातारपणी त्वचा पातळ आणि सैल झालेली असते. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला रुमाल दोन मिनिटे गालावर ठेवा, मग भरपूर ओला फेस लावा, दुसऱ्या हाताने त्वचा हलकेच ताणून धरा आणि लहान लहान हात मारा. पक्षाघाताच्या रुग्णाला एका बाजूची संवेदना नसू शकते. कापले तरी त्याला कळत नाही आणि बोलता येत नसेल तर तो सांगू शकत नाही. त्या बाजूला दुप्पट सावकाश जा. अशा माणसाला स्वच्छ दाढीनंतर आरसा दाखवून पाहा. औषधाच्या बाटलीत न मिळणारा तजेला त्याच्या चेहऱ्यावर दिसतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पुटकुळ्या आलेल्या असतील तर तीन-चार आठवडे ब्लेड बंद ठेवा. नोकरीमुळे शक्य नसेल तर यंत्राने दाढी अगदी बारीक राखा. बहुतेकांना एवढ्याने आराम पडतो. मग वर सांगितल्याप्रमाणे फेस करून पुन्हा सुरुवात करा. पुटकुळ्या नखाने किंवा सुईने फोडू नका. विशेषतः नाक आणि वरच्या ओठाजवळचे गळू कधीही दाबू नये. तिथल्या शिरांचा संबंध मेंदूजवळच्या शिरांशी असतो. तिथे सूज आली, ताप आला, डोळ्याभोवती फुगले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दाढीत गोल, खाजरे, कड उठलेले चट्टे आले तर ते गजकर्ण असू शकते. मेडिकलमधून तीन-चार औषधे मिसळलेली ट्यूब आणून त्यावर लावू नका. अशा ट्यूबमधल्या स्टिरॉइडने खाज तात्पुरती थांबते आणि गजकर्ण आतून पसरते. गालावर बारीक चामखिळी असतील तर ब्लेडबरोबर त्या एका जागेहून दुसरीकडे पसरतात; आधी त्यांवर उपचार करून घ्या.

येत्या रविवारी घाई नसेल तेव्हा घड्याळ समोर ठेवा. दोन मिनिटे भिजवणे, एक मिनिट फेस करणे, दोन मिनिटे फेस मुरवणे. एकूण पाच मिनिटे झाली. इतका वेळ देऊन आठ-दहा दाढ्या करून पाहा. त्यानंतरही आग आणि पुटकुळ्या राहिल्या, तर खुशाल दवाखान्यात या. त्या वेळी क्रीमच्या वासाची किंवा आणखी कशाची अ‍ॅलर्जी आहे का, ते आपण पाहू.